फळ्यावरची खाडाखोड

निबंधाचा तास आला की कितीतरी मुले विषयाचे नाव वहीत उतरवतात आणि तेथेच थांबतात. ‘मला लिहिता येत नाही’ हे वाक्य त्यांनी मनाशी इतक्या वेळा घोकलेले असते की, पहिली ओळ उमटण्यापूर्वीच पराभव पदरी पडलेला असतो.

हा बुद्धीचा दोष नव्हे. जळगावजवळच्या असोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी इतरांनी टिपून ठेवली, म्हणूनच ती १९५२ मध्ये ग्रंथरूपाने लोकांपुढे आली. रावेर-यावलच्या केळीबागांत राबणाऱ्या मजुराच्या मुलापाशीही सांगण्याजोगे पुष्कळ असते. उणीव आहे ती निराळीच. सुशिक्षिताच्या घरी मूल वडिलांना अर्ज लिहिताना, खोडताना, पुन्हा लिहिताना पाहते. श्रमिकाच्या मुलाला दिसतो तो गाइडमधील छापील, निर्दोष निबंध. लेखन हुशारांना आयतेच सुचते, असा त्याचा समज झाला तर नवल काय? त्यातच त्याच्या अहिराणी वा पावरी बोलीवर ‘अशुद्ध’ असा शिक्का बसला की उरलेसुरले धैर्यही खचते.

यावर उपाय खर्चाचा नाही. शिक्षकाने मुलांदेखत फळ्यावर लिहावे आणि लिहिताना मोठ्याने विचार करावा : ‘ही सुरुवात जमली नाही, आधी बाजारात काय दिसले तेवढेच लिहू, योग्य शब्द सापडत नाही, तूर्त घरचा शब्द ठेवू.’ मूल आधी इतरांशी बोलते, मग स्वतःशी, आणि तेच बोलणे पुढे मनातल्या मनात चालू राहते, हे रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनी १९३४ च्या ग्रंथात दाखवून दिले. आज शिक्षक मोठ्याने बोलेल, तेच उद्या मूल स्वतःला सांगेल. ही पोकळ शाबासकी नव्हे; ‘येत नाही’च्या जागी ‘आता पुढे काय करू?’ हा प्रश्न बसवणे आहे.

खानदेशाला ही वाट अपरिचित नाही. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तेथील वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक स्वतः लिहून काढीत. आपले गुरुजी लिहितात, हे मुलांना दिसत होते.

मात्र साराच भार शिक्षकावर टाकून शासनाला हात झटकता येणार नाहीत. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याचे २९ वे कलम मुलाला भयमुक्त करण्याचे आणि शक्यतो मातृभाषेतून शिकवण्याचे वचन देते. परंतु निवडणूक, जनगणना आणि माहितीचे तक्ते भरण्यात गुंतलेल्या शिक्षकाला मुलांसोबत एक परिच्छेद खोडून पुन्हा लिहिण्याची सवड कोठून मिळावी? ती सवड मिळवून देणे हे शासनाचे कर्तव्य आहे.

लिहिता येणे म्हणजे केवळ गुण मिळवणे नव्हे. मजुरी बुडाल्याची तक्रार, जमिनीच्या हक्काचा अर्ज, ग्रामसभेतील हरकत हे सारे लेखनच आहे. ज्याला आपली बाजू मांडता येत नाही, त्याच्या वतीने दुसराच कोणी लिहितो आणि त्याला फक्त अंगठा उमटवावा लागतो.