उंचावरचे अंगण



आपल्या राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंचीचे. त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर, जवळजवळ केदारनाथाच्या पातळीला, हजारो प्रेक्षक बसतील असे फुटबॉलचे मैदान आहे. दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशाचा राज्यकारभार ज्या ला पाझ नगरातून चालतो, तेथील मिराफ्लोरेस भागातले हे एर्नांदो सिलेस मैदान. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३६०० मीटर. जानेवारी १९३० मध्ये ते खुले झाले व तत्कालीन राष्ट्राध्यक्षांचे नाव त्याला मिळाले. बोलिव्हार आणि द स्ट्राँगेस्ट हे नगरातील दोन जुने संघ येथेच वाढले.

या उंचीवर हवेतील प्राणवायूचे प्रमाण बदलत नाही, हवेचा दाब मात्र समुद्रकाठच्या सुमारे ६५ टक्केच उरतो. त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक शरीराला प्राणवायू कमी मिळतो. सखल प्रदेशातून आलेला कसलेला खेळाडूही थोड्या धावेने धापा टाकू लागतो. विरळ हवेचा अडथळा कमी असल्याने चेंडू अधिक वेगाने जातो आणि हवेत कमी वळतो, म्हणून गोलरक्षकाचाही अंदाज चुकतो. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्यांची शरीरे मात्र या हवेला सरावलेली असतात.

याची फळे पाहुण्या संघांनी चाखली आहेत. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत ब्राझील पहिल्यांदा हरला तो याच मैदानावर, २५ जुलै १९९३ रोजी. मे २००७ मध्ये ‘फिफा’ या जागतिक संघटनेने २५०० मीटरपेक्षा उंच ठिकाणी आंतरराष्ट्रीय सामने खेळवण्यास बंदी घातली. खेळाडूंचे आरोग्य आणि असमान स्पर्धा ही कारणे पुढे करण्यात आली. बोलिव्हियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष एव्हो मोरालेस यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. अर्जेंटिनाचा मॅराडोना मार्च २००८ मध्ये ला पाझला जाऊन बंदीच्या निषेधार्थ खेळला. पुढे मे २००८ मध्ये बंदी उठली. त्यानंतर वर्षभराच्या आतच, १ एप्रिल २००९ रोजी, मॅराडोना प्रशिक्षक असलेला आणि मेस्सी खेळत असलेला अर्जेंटिनाचा संघ याच मैदानावर ६–१ असा पराभूत झाला. ज्या अंगणाची बाजू त्याने घेतली होती, तेथेच त्याला एवढी मोठी हार पत्करावी लागली.

या वादात न्याय कोणाच्या बाजूला? पाहुणा म्हणतो, मला श्वासच घेता येत नाही, मग ही स्पर्धा कसली? यजमान म्हणतो, माझा जन्म येथला, मग माझ्या घरी खेळण्यास मला मनाई का? दोघांचेही म्हणणे आपापल्या नयाने खरे आहे. आपल्या आंबेगाव तालुक्यातही भीमाशंकरच्या वाटेवरील वस्त्यांतला माणूस डोक्यावर ओझे घेऊन जी चढण सहज चढतो, ती आपण निरगुडसरकर मोकळ्या हातांनी चढतानाही दोनदा थांबतो. त्यात त्याचा अन्याय नसतो आणि आपला कमीपणाही नसतो. समुद्रसपाटीलाच सामान्य उंची मानून तिच्यावरून साऱ्यांना मोजणे, हा एकांत होय.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी. केवळ उंचीनेच सामने जिंकले असते, तर १९९७ च्या कोपा अमेरिका स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, याच मैदानावर, ब्राझीलने बोलिव्हियाला ३–१ असे हरवले नसते. आणि घरच्या विजयांच्या बळावर १९९४ चा विश्वचषक गाठणाऱ्या बोलिव्हियाला तेथे एकही सामना जिंकता आला नाही. उंची साहाय्य करते, कौशल्याची जागा घेत नाही.

आपली मुले-नातवंडे आता दूरदेशी फिरतात, म्हणून प्रत्यक्ष भेटीविषयी थोडे. ला पाझचा विमानतळ एल आल्तो येथे ४००० मीटरहून अधिक उंचीवर आहे. काही संघ सखल भागात मुक्काम करून सामन्याच्या काही तास आधीच वर येतात, उंचीचा त्रास अंगात मुरण्याआधी खेळून परततात. प्रवाशाने ते अनुकरण करू नये. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, सावकाश चाल, भरपूर पाणी आणि हलका आहार असावा. डोकेदुखी व मळमळ वाढली किंवा बसल्या जागी धाप लागली, तर त्वरित खाली उतरून वैद्यकीय साहाय्य घ्यावे. हृदयविकार वा दमा असणाऱ्यांनी, तसेच तेथे उपवास-एकासणे करू इच्छिणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. परतताना भारतात पीतज्वराच्या लसीचा दाखला मागितला जातो. ती लस प्रवासापूर्वी किमान १० दिवस घ्यावी लागते.

आहाराची चिंता वेगळीच आहे. अँडीज पर्वतराजी हे बटाट्याचे माहेरघर, त्यामुळे तेथील ताटात तो जवळजवळ अटळ असतो. कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांनी किन्वा हे तेथलेच धान्य, मका आणि शेंगांचे दाणे यांवर भागवावे व कोरडा शिधा सोबत ठेवावा.

पाहुण्याने यजमानाच्या घरची रीत सांभाळावी, अशी आपल्याकडची शिकवण आहे. ला पाझमध्ये ती श्वासापासूनच पाळावी लागते. आपले नियम आपल्यासोबत न्यावेत, परंतु तेथली हवा तेथल्याच मापाने घ्यावी. मग मैदानाच्या पायऱ्या हळूहळू चढताना, दुसऱ्याच्या घरी आपण किती लवकर थकतो, हेही उमगते. आपल्या घरी आलेला कोणी थकला, तर त्या वेळी हे आठवावे.