शाळेचा स्लॅब आणि रुमालाखालचा सौदा



बाजारात आमच्या मालाची बोली सर्वांदेखत व्हावी, रुमालाखाली बोटे दाबून नव्हे, यासाठी शेतकरी वर्षानुवर्षे भांडला. मग आमच्याच पैशातून बांधायच्या जिल्हा परिषद शाळेचा सौदा रुमालाखाली का?

‘आता सगळे ऑनलाइन आहे,’ असे साहेब सांगतात. रुमालाऐवजी संगणक आला, एवढेच. निविदा तीन, लेटरहेड तीन, भरणारा हात एकच! संगनमताने बोली लावायला २००२ च्या स्पर्धा कायद्याने मनाई आहे, पण तालुक्याच्या कचेरीत त्याची आठवण कोण ठेवतो? काम मर्यादेखाली बसावे म्हणून त्याचे तुकडे पाडतात : छत वेगळे, फरशी वेगळी, रंग वेगळा. एका बैलाचे चार पाय चार पावत्यांवर विकण्यातला हा प्रकार आहे.

खरा रोग त्याहून खोल आहे. ‘ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम’ हे सूत्रच घातक आहे. समजा, अभियंत्याने दरसूचीवरून दहा लाखांचे अंदाजपत्रक केले. ठेकेदार म्हणतो, साडेसातात करतो. कागदावर अडीच लाख वाचले! वाचले कोठून? एक तर अंदाजपत्रक फुगवलेले होते, नाही तर सिमेंट-लोखंडाला कात्री लागणार आहे. ठेकेदार खरोखरच हुशार असेल, तर त्याने हिशेब मांडून दाखवावा. आज हा प्रश्न ना अभियंत्याला विचारला जातो, ना ठेकेदाराला.

स्पर्धेला आमचा विरोध नाही. स्पर्धा मोडून ‘आपल्या माणसाला’ काम द्या, असे म्हणणाऱ्यांचे तर आम्ही मुळीच साथीदार नाही. पण आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे आहोत. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. त्याखालचे कितीही स्वस्त असो, ते बियाणे नव्हे. आधी उगवण, मग भाव. निविदेतही आधी लायकी, मग दर, असेच हवे. केंद्राच्या अर्थखात्यानेही ऑक्टोबर २०२१ मध्ये निवडक कामांत दर्जाला ३० टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा दिली. मुलांच्या डोक्यावरचे छत त्या निवडक कामांत बसत नाही काय?

विटा-वाळूला दराची स्पर्धा चालेल. नकाशा काढणाऱ्याला, स्लॅबचा हिशेब करणाऱ्याला, देखरेख करणाऱ्याला ती चालणार नाही. गाय अडली की आपण स्वस्तातला नव्हे, हात चांगला असलेला डॉक्टर बोलावतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात हे कायद्यातच आहे. तिथे शाळेचे बांधकाम कमी दराच्या, पण ‘जबाबदार’ बोलीदाराला मिळते. वास्तुविशारदाची निवड मात्र लायकीवर होते. १० मार्च १९३३ च्या लाँग बीच भूकंपात तिथल्या शाळा कोसळल्या. संध्याकाळ होती म्हणून मुले वाचली. महिन्याभरात फील्ड कायदा झाला. नकाशा राज्याने तपासायचा आणि काम चालू असताना निरीक्षकाने त्यावर सतत नजर ठेवायची, असा तो कायदा.

आणि आमच्याकडे? २८ ऑगस्ट २०१७ रोजी नगर जिल्ह्यातल्या निंबोडीत शाळेचे छत कोसळून तीन मुले गेली. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीत सात मुले गेली. तिथे पहिली कुऱ्हाड शिक्षकांवर पडली, त्यांना निलंबित केले. इमारती जुन्या होत्या, मान्य. पण आज ओतलेला स्लॅबही उद्या जुना होणार आहे. तो कोणी ओतला, मोजमाप कोणी लिहिले, बिल कोणी मंजूर केले, ही नावे गावाला कधी कळतात काय?

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार मागण्या ठेवतो :

१. अंदाजपत्रकापेक्षा फार खाली आलेल्या निविदेचा दरवार हिशेब ठेकेदाराकडून लेखी घ्यावा आणि तो ग्रामसभेत वाचावा.

२. नकाशा व देखरेख करणाऱ्याची निवड लायकीवर व्हावी. देखरेख करणारा ठेकेदाराचा मिंधा नसावा.

३. काँक्रीटच्या ठोकळ्यांचा २८ दिवसांचा चाचणी अहवाल शाळेच्या भिंतीवर लावल्याशिवाय शेवटचे बिल निघू नये.

४. एका कामाचे तुकडे पाडणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई व्हावी.

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने नागरिकाला सरकारी कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क दिला आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, आणि अनुदान कसे खर्च होते यावर लक्ष ठेवणे हे त्यांचे कामच आहे. मातीचा नमुना घ्यायला आपण शिकलो. आता सिमेंटचाही घेऊ. बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या शाळेच्या शेवटच्या बांधकामाचे अंदाजपत्रक, मंजूर निविदा आणि मोजमाप पुस्तिकेची नक्कल घेऊन यावे. ज्या गावाला नक्कल नाकारली जाईल, त्या गावाने नकाराचे पत्र आणावे. पुढच्या लढ्याची सुरुवात त्या पत्रापासून करू.