रोजचे भाकीत आणि घरचे भांडवल

शेअर बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो. परंतु त्याच्या कितीतरी आधी 'आजची दिशा' घरोघरच्या भ्रमणध्वनीवर येऊन पडलेली असते. अमेरिकेचा बाजार रात्री कोठे बंद झाला, परदेशी वित्तसंस्थांनी काल किती विक्री केली, निफ्टीला आधार कोणत्या पातळीवर आणि अडथळा कोणत्या, हे सारे तज्ज्ञमंडळी ठामपणे सांगतात. दुपारी साडेतीनला बाजार बंद झाला की सकाळचे भाकीत का चुकले याचे तितकेच ठाम विवेचन त्याच मुखांतून ऐकावयास मिळते. हा दिनक्रम आता मध्यमवर्गीय घरांच्या अंगवळणी पडला आहे.

सकाळी घेऊन दुपारी विकणारा सटोडिया आणि वर्षानुवर्षे शेअर सांभाळणारा गुंतवणूकदार, या दोहोंच्या मध्ये 'स्विंग ट्रेडिंग' नावाचा एक प्रकार आहे. दोन-चार दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत शेअर जवळ ठेवायचा, भावाची एक लाट पकडायची आणि बाहेर पडायचे, असे त्याचे स्वरूप. दिवसभर पडद्यासमोर बसावे लागत नाही, संध्याकाळचा तास पुरतो. म्हणून नोकरदारांना, निवृत्तांना आणि शिकत्या मुलांनाही तो जवळचा वाटतो. त्यात गैर काही नाही. गैर आहे ती एक समजूत, की या व्यवसायातील यश दिशा अचूक ओळखण्यावर अवलंबून असते.

२०२४ च्या जून महिन्यातील एक आठवडा या संदर्भात पाहण्यासारखा आहे. लोकसभा निवडणुकीच्या मतदानोत्तर चाचण्यांचे अंदाज शनिवारी, १ जूनला आले आणि सोमवारी सेन्सेक्स सुमारे अडीच हजार अंशांनी उसळला. मंगळवारी, ४ जूनला मतमोजणी झाली आणि तोच निर्देशांक ४,३८९ अंशांनी कोसळला. शुक्रवारी तो सोमवारच्याही वर जाऊन बंद झाला! म्हणजे सोमवारी खरेदी करणाऱ्याची दिशा आठवड्याच्या हिशेबाने बरोबरच ठरली. तरीही ज्याने सारे भांडवल लावले होते, किंवा उसनवारीवर सौदा केला होता, तो मंगळवारीच बाजारातून फेकला गेला. ज्याचा सौदा लहान होता तो त्या दिवशी थांबू शकला. दोघांचे विश्लेषण एकच होते. फरक होता तो शेअरच्या संख्येत.

वास्तविक आलेखाचे, सरासऱ्यांचे आणि आधार-अडथळ्यांचे खरे काम भविष्य सांगण्याचे नाहीच. आपला अंदाज चुकला हे कोणत्या भावाला मान्य करायचे, ती जागा आलेख दाखवतो. ती जागा म्हणजे स्टॉप लॉस. शेअर किती घ्यायचे हे त्या जागेवरून ठरावे. सर्वसाधारणपणे मात्र ते खात्यात किती पैसे पडून आहेत यावरून ठरते.

हिशेब शाळकरी आहे. समजा, भांडवल दोन लाख रुपये आहे आणि एका सौद्यात त्यातील एक टक्का, म्हणजे दोन हजार रुपयांपर्यंतच तोटा सोसायचा असे ठरविले आहे. शेअर पाचशे रुपयांना मिळतो आणि अंदाज चुकल्याची खूण ४८० वर आहे. प्रत्येक शेअरमागे वीस रुपयांची जोखीम. तेव्हा शंभर शेअर घेता येतील. तोच शेअर अधिक चंचल असेल आणि खूण ४५० वर असेल, तर केवळ चाळीस. मोह असा होतो की शेअर शंभरच घ्यावेत आणि स्टॉप लॉस ओढूनताणून वर आणावा. मग बाजाराच्या साध्या चढउतारातही तो लागतो आणि गृहस्थ नशिबाला बोल लावतो.

एक टक्काच का? लागोपाठ दहा सौदे चुकणे ही अघटित गोष्ट नव्हे. चांगल्या पद्धतीतही असे होते. प्रत्येक वेळी एक टक्का गेला तर दहा चुकांनंतर नव्वद टक्क्यांहून थोडे अधिक भांडवल शिल्लक राहते. प्रत्येक वेळी दहा टक्के गेले तर उरतात पस्तीस टक्के, आणि ते पूर्ववत होण्यासाठी जवळजवळ तिप्पट व्हावे लागतात. अशा अवस्थेत माणूस शांतपणे विचार करीत नाही. तो पडत्या भावात आणखी घेतो, सरासरी खाली आणतो आणि एका सौद्यात सारे भरून काढू पाहतो. द्यूतसभेत युधिष्ठिरानेही एकेक पण हरल्यावर पुढचा पण लहान केला नव्हता.

स्टॉप लॉस लावला म्हणजे संरक्षण झाले, हाही भ्रमच. बाजारातील स्टॉप लॉसचा आदेश त्या दिवसापुरता असतो. काही दलाल पेढ्या दीर्घ मुदतीची सोय देतात, पण ती मुद्दाम करून घ्यावी लागते. शिवाय रात्री बाजार बंद असतो आणि बातमी रात्रीही येते. येस बँकेवरील निर्बंध ५ मार्च २०२० च्या संध्याकाळी जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी शेअर निम्म्याहून अधिक खाली बंद झाला. ७ जानेवारी २००९ ला 'सत्यम'च्या अध्यक्षांचा कबुलीजबाब आला आणि त्या एका दिवसात तीन चतुर्थांशाहून अधिक किंमत नाहीशी झाली. ४८० चा स्टॉप लॉस असताना शेअर तीनशेला उघडला, तर विक्री तीनशेच्या आसपास होते. किमान भाव बांधून दिलेला असेल तर होतही नाही. म्हणूनच एका शेअरमध्ये भांडवलाचा मर्यादित हिस्साच असावा, तिमाही निकालाच्या आदल्या दिवशी सौदा हलका करावा आणि पाच बँकांचे शेअर घेऊन जोखीम विभागली असे मानू नये. बाजार पडला की पाचही बँका एकत्र पडतात.

आणखी एक गळती सहसा कोणी मोजत नाही. डिलिव्हरीच्या सौद्यावर खरेदी आणि विक्री अशा दोन्ही वेळी ०.१ टक्का रोखे व्यवहार कर लागतो. पन्नास हजारांचा सौदा पूर्ण झाला की सुमारे शंभर रुपये गेले. वर्षात असे शंभर सौदे केले तर दहा हजार, म्हणजे दोन लाखांच्या भांडवलाचे पाच टक्के. मुद्रांक, दलाली आणि इतर आकार निराळेच. जुलै २०२४ पासून अल्पकालीन नफ्यावरील कर पंधराचा वीस टक्के झाला, तोही या हिशेबात धरावयास हवा.

'सेबी'ने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शन बाजारात उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांनी तोटा सोसला. एकूण रक्कम १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. रोखीच्या बाजारात रोजच्या रोज सौदे करणाऱ्यांतही २०२२-२३ मध्ये दहापैकी सात तोट्यात होते. हे आकडे स्विंग ट्रेडिंगचे नव्हेत, हे मान्य करायला हवे. परंतु एक वाट दुसऱ्या वाटेला मिळते. दोन सौदे साधले की आठवड्याचा धीर धरवत नाही. मग दलालाच्या उसन्या पैशावर खरेदी आणि पुढे ऑप्शन, हा उतार अनेकांच्या परिचयाचा आहे.

मुंबईला तो नवा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा या शहरात शेअरचे वेड पसरले होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस उतरला आणि पेढ्या धडाधड कोसळल्या. ज्यांच्या देणगीतून विद्यापीठाचा राजाबाई मनोरा पुढे उभा राहिला, ते प्रेमचंद रायचंदही त्यातून सुटले नाहीत. बाजाराची नस त्यांच्याइतकी कोणाला कळत होती?

तेव्हा ज्या घरातून हा व्यवहार चालतो, तेथे मुलांची शुल्के, विम्याचे हप्ते आणि सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात असावा. व्यापाराचे खाते त्याला जोडलेले नसावे. सौद्यांची वही ठेवावी. खरेदीचे कारण, स्टॉप लॉसचा भाव, शेअरची संख्या आणि चुकल्यास होणारा तोटा रुपयांत, हे चारही रकाने खरेदीपूर्वीच भरावेत. आणि महिनाअखेरीस ती वही घरातील दुसऱ्या माणसाच्या हाती द्यावी. पत्नीला किंवा वडिलांना दाखविता येणार नाही असा आकडा ज्या रकान्यात पडणार असेल, तो सौदा त्याच संध्याकाळी निम्मा करता येतो.