मधमाशीचे शिल्प आणि आपली शेते

वनस्पतिउद्यानात कलाकृतींना स्थान असावे काय, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. शास्त्रीय कार्यासाठी असलेली जागा व द्रव्य केवळ शोभेसाठी खर्ची पडू नये, ही शंका रास्तच आहे. परंतु लंडन येथील क्यू उद्यानास भेट देणाऱ्यास तिचे समाधानकारक उत्तर मिळते.

या उद्यानाचा आरंभ १७५९ साली झाला. भारतासह अनेक देशांत हिंडून मेरिअन नॉर्थ या विदुषीने रंगविलेल्या आठशेहून अधिक चित्रांचे दालन तेथे १८८२ साली उघडले. २०१६ साली वुल्फगँग बट्रेस या कलावंताचे 'द हाइव्ह' नावाचे शिल्प तेथे उभारण्यात आले. मधपोळ्यावरून सुचलेल्या या १७ मीटर उंचीच्या शिल्पात ॲल्युमिनियमचे सुमारे १,७०,००० भाग व एक हजार दिवे बसविले. उद्यानातील खऱ्या मधपेटीतील कंपने यंत्रांनी टिपली जात. पेटीतील लगबग वाढली की शिल्पातील दिवे उजळत व नाद चढत जाई. डोळ्यांआड चालणारे कार्य असे लोकांसमोर आले. माझ्या मते ही केवळ शोभा नव्हे. हे लोकशिक्षणच होय.

आपणांसही त्याची निकड आहे. काकडी, भोपळा, कारले यांच्या वेलींवर नर व मादी फुले निरनिराळी असतात. त्यांचे चिकट पराग मधमाश्यांसारखे कीटकच वाहून नेतात. सूर्यफुलाचे दाणे व कांद्याचे बी भरण्यासही मधमाशी हवी. तरीही ऐन फुलोऱ्यात सकाळीच कीटकनाशके फवारली जातात. पत्रकांतून कितीही सांगितले, तरी न दिसणाऱ्या हानीवर कोणाचा विश्वास बसत नाही.

म्हणून तालुक्याच्या कृषिप्रदर्शनात अवजारांशेजारी काचेच्या बाजूंची एक मधपेटी अवश्य ठेवावी. शेतकरी बंधूंनी स्वतःच्या मळ्यातही प्रयोग करावा. भोपळ्याची एक मादी कळी उमलण्यापूर्वी मलमलीच्या पिशवीत बांधावी व दुसरी मोकळी ठेवावी. झाकलेल्या फुलाचे फळ न धरता गळून पडेल. त्यासाठी मोठ्या शिल्पाची गरज नाही. वीतभर कापड पुरे.

हे एकदा पाहिले म्हणजे फुलोऱ्यातील फवारणी टाळण्याचे महत्त्व निराळे सांगावे लागणार नाही. फवारणी अगदीच अपरिहार्य असल्यास, माश्या परतल्यावर, सायंकाळी उशिरा करावी.