उतरणीवरची गाडी

यांत्रिकी शिकविताना आपल्याकडे प्रथम सूत्र येते, मागून उदाहरण येते, आणि गाडी बहुधा येतच नाही. अलीकडे तिच्या जागी संगणकाचा पडदा आला आहे. पडद्यावरची मोटार झोकात धावते, मुले हरखतात. परंतु तिच्या आसाला कधी तेल लागत नाही आणि ती कधी वाकडी जात नाही. संगणकास आमचा विरोध नाही. क्रम मात्र आम्हांस उलटा वाटतो.

गाडी आधी हाताने करावी. पुठ्ठा, आसासाठी सायकलच्या तारा, चाकांसाठी चार भरीव लाकडी चकत्या, एवढे सामान पुरे. अडीच मीटर लांबीची फळी एका टोकास २५ सें.मी. उचलून ठेवावी, तिच्यावर २ मीटर अंतराच्या खुणा कराव्यात आणि वरच्या खुणेपासून गाडी अलगद सोडावी. (मुले हटकून ढकलतात!) पुस्तकातल्या सूत्राप्रमाणे हे अंतर सुमारे २ सेकंदांत संपावे. घड्याळ तसे म्हणत नाही. ‘घर्षण!’ असे उत्तर तत्काळ येते, कारण ते पाठ असते. मग आसास तेल द्यावे. वेळ थोडा घटतो, तरी २ सेकंदांवर येत नाही. येणारही नाही, कारण गाडीस नुसते पुढे जावयाचे नसते, चाकांना फिरवावयाचेही असते. चाकांचे वजन एकंदर वजनाच्या निम्मे असेल, तर आसाचे घर्षण शून्य धरूनही सुमारे सव्वादोन सेकंद लागतातच.

या पाव सेकंदाने मूल अस्वस्थ झाले, की संगणकाची वेळ झाली असे समजावे. सेकंदाचे दहा भाग पाडावयाचे; प्रत्येक भागात वेग किती वाढला आणि त्या वेगाने गाडी किती सरकली, ते ओळीखाली ओळ मांडावयाचे. चाकांचे वजन बदलले की सारे कोष्टक क्षणात बदलते. त्यातले भाकीत पुन्हा फळीवर पडताळता येते, हा खरा लाभ.

उतरणीची युक्ती जुनीच. गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात ती वर्णिली आहे. वेळ त्याने वाहत्या पाण्याचे वजन करून मोजला. आपल्या माळव्याशेजारी होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांतून असेच हाताने विज्ञान शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला. १९७८ साली पुण्याच्या टेल्को कारखान्यातील अभियंते अरविंद गुप्ता रजा घेऊन तेथे गेले आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे जोडून त्यांनी भूमितीच्या आकृती उभ्या केल्या. २००२ साली शासनाने तो उपक्रम बंद केला, याची खंत आम्हांस आजही आहे.

घरी संगणक नसल्यास अडून राहू नये. चौकटीची वही आणि पेन्सिल घ्यावी. वीस-बावीस ओळींचे काम आहे, एका दुपारी होते.