पाच दंडांचे गाव

दिवाळीच्या सुटीत आमची थोरली नात मुंबईहून शेवगावी आली, ती कागदांची एक भली थोरली गुंडाळी काखेत घेऊन. मुंबईस ती उपयोजित कला शिकते. ही विद्या शिकण्याचा मानस तिने दोन वर्षांपूर्वी घरात प्रकट केला, तेव्हा एकत्र कुटुंबात जे व्हावयाचे ते सर्व झाले. तिच्या आजीने दोन दिवस अबोला धरला, धाकट्या चिरंजीवांनी नोकरीचा प्रश्न काढला, आणि आम्ही, ज्यांनी उभा जन्म मुलांना शब्द चालविण्यास शिकविले, “अक्षरे नटविणे हा काय शिक्षणाचा विषय?” असे बोलून गेलो. ते वाक्य तिने विसरावे अशी आमची अपेक्षा होती; ती फलद्रूप झाली नाही, हे या सुटीत कळले.

तिला दिलेला अभ्यास असा की, कसलेही चित्र न काढता केवळ अक्षरांच्या वळणाने आपल्या गावाचे नाव लिहावयाचे. आम्हांस वाटले, तासाभराचे काम. परंतु पहिले दोन दिवस तिने लेखणी हातीच धरली नाही. बाजारपेठेतून हिंडून जुन्या दुकानांवरच्या हाताने रंगविलेल्या पाट्या ती पाहत होती. (अशा पाट्या आता बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत, बाकी सर्वत्र छापील फ्लेक्सचे राज्य.) तिसऱ्या दिवशी ओसरीवर येऊन ती म्हणाली, “आजोबा, आपल्या गावाच्या नावात पाच दंड आहेत.” आम्ही मनाशी मोजले. श, व, ग, काना, पुन्हा व: खरोखरच पाच! सारी हयात हे नाव पत्रांच्या मथळ्यावर लिहिले, पण ते कधी ध्यानी आले नव्हते. त्यांतही ‘गा’ मध्ये दोन दंड शेजारी शेजारी येऊन तेथे काळोख दाटतो, आणि पहिल्या ‘व’ च्या पोटापाशी उगाच उजेड सांडतो. अक्षर काळ्या शाईचे असते तितकेच ते मधल्या पांढऱ्या जागेचेही असते, हे आम्हांस सत्तरीच्या उंबरठ्यावर नातीकडून शिकावे लागले.

मग आम्ही पेटीतला जुना बोरू काढला व टोक तिरके छाटून तिच्यासमोर चार वेळा नाव लिहिले. ती आमच्या अक्षराकडे नव्हे, हाताकडे पाहत होती. आमचा काना ‘ग’ पासून किंचित दूर पडतो, हे तिने टिपून घेतले.

रात्री जेवणानंतर तिने रुपयाच्या चिन्हाची हकीकत सांगितली. ते चिन्ह काढणारे उदय कुमार धर्मलिंगम हे त्या वेळी पवईच्या आय.आय.टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्राचे विद्यार्थीच होते, पीएच.डी. करीत होते. केंद्र सरकारने २००९ साली मागविलेल्या रचना ३,००० हून अधिक आल्या, आणि त्यांतून यांचीच रचना १५ जुलै २०१० रोजी मान्य झाली. देवनागरी ‘र’, दंड वजा केलेले रोमन ‘आर’, आणि वर आपली शिरोरेषा. तिच्याखाली तशीच दुसरी रेघ. पाणिनीने ‘रूप्य’ शब्द ठसा उमटविलेल्या नाण्यास लावला आहे, ही पुस्ती आम्ही जोडली, आणि प्रथमच ती आमच्या विद्येवर खूश झालेली दिसली. त्याच केंद्रात र. कृ. जोशी यांनी अध्यापन केले. संगणकावरील ‘मंगल’ हे देवनागरी वळण त्यांचेच, हेही तिच्याकडूनच समजले.

आमचा खरा वाद जडला तो शिरोरेषेवरून. ‘शेव’ आणि ‘गाव’ यांच्यामध्ये रेषा तोडावी, म्हणजे गर्दी हटेल, असे तिचे मत. शब्द एक तर रेषा एक, असे आमचे. तिने वाद घातला नाही. दोन्ही कागद समोरच्या भिंतीस डकवून घरातल्या प्रत्येकास ओसरीच्या टोकावरून वाचावयास लावले. तुटक रेषेचा कागद पाहताच सात वर्षांचा धाकटा ओरडला, “शेव मिळते ते गाव!” दिवाळीचे दिवस, ताटात शेव होतीच. सारे घर हसले. तिनेही हसत तो कागद काढून टाकला, आणि एकविसावा घेतला.

त्या हसण्यात आम्हांस मात्र एक जुनी गोष्ट आठवली. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एक मुलगा रूपे पाठ करण्याऐवजी वहीच्या समासात ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ नाना वळणांनी काढीत बसे. आम्ही ते पान सर्वांदेखत फाडले. तो रडला नाही. तुकडे गोळा करून त्याने दप्तरात ठेवले. पुढल्या वर्षी त्याने शाळा सोडली. कारण दुसरेच असेल. पण ते विचारण्यास आम्ही त्याच्या घरी गेलो नाही.

हे आम्ही नातीस सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, “त्याचा ‘क्ष’ कसा होता?” आम्हांस सांगता आले नाही. आम्ही तो पाहिलाच नव्हता.

जाताना ती आमचा बोरू मागून घेऊन गेली. परवा तिचा फोन आला. काना शिक्षकांना पसंत पडला. पहिला ‘व’ पुन्हा काढावयास सांगितला आहे. कागदांची संख्या आता चौतीसवर गेली आहे.