पैकीच्या पैकी

सहामाही परीक्षा संपते आणि दिवाळी येते. घरोघरी चकल्यांचे घाणे निघत असतात, तेव्हा आम्हा मास्तरांच्या घरी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सुटतात. वाचकहो, मी कादंबऱ्या लिहितो, पण पोट भरतो ते शाळेवर; आणि माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा पुढील तक्रार विद्वानाची नव्हे, खडू झिजवणाऱ्याची आहे आणि तिच्यातला पहिला आरोपी मीच आहे.

तक्रार भूमितीच्या उजळणीची. चाचणी जवळ आली की आम्ही फळ्यावर ‘महत्त्वाची प्रमेये’ लिहितो. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असे साचे पाठ करून घेतो आणि त्याला उजळणी म्हणतो. ही उजळणी नव्हे, घोकणी! मुलाने मास्तरांना हक्काने ‘कशावरून?’ असे विचारावे, असा तास शाळेत भूमितीचा. नेमका तोच आम्ही पाठांतराला बळी दिला आहे.

काही वर्षांपूर्वी नववीच्या चाचणीत मी प्रश्न घातला : समद्विभुज त्रिकोणाच्या समान बाजूंसमोरील कोन समान असतात, हे सिद्ध करा. गाईडात शिरःकोनाचा दुभाजक काढून ते सिद्ध केलेले. एका मुलीने दुभाजक काढलाच नाही. तिने लिहिले : त्रिकोण अबक आणि त्रिकोण अकब घ्या. अब बरोबर अक, कोन अ सामाईक, अक बरोबर अब. म्हणून बाकोबा कसोटीने दोन्ही एकरूप, आणि म्हणून कोन ब बरोबर कोन क. ‘रचना नाही’ असा लाल शेरा मारून मी शून्य दिले.

“सर, यात चुकले कोठे?” तिने विचारले.

“असे पुस्तकात नाही,” मी म्हणालो.

पुढे वाचनात आले की, ही सिद्धता इसवी सनाच्या चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या पॅपसच्या नावावर आहे. त्याच्याही आधी, इ. स. पूर्व 300 च्या सुमारास, युक्लिडने हेच प्रमेय बऱ्याच लांबच्या वाटेने सिद्ध केले होते. ती वाट विद्यार्थ्यांना इतकी जड जाई की, युरोपात त्या प्रमेयाला ‘गाढवांचा पूल’ असे नाव पडले. आमच्या वर्गातल्या पोरीने तो पूल एका उडीत ओलांडला. गाढव कोण ठरले, ते मी सांगावयास नको.

मी वर्गापुढे चूक कबूल केली, गुणही दिले. पण पुढच्या चाचणीत तिने गाईडातली सिद्धता स्वल्पविरामासकट उतरवली होती. मला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागले.

पालक म्हणतात, “मास्तर, समज मागाहून येईल, आधी गुण हवेत.” त्यांना मी विधान आणि व्यत्यास यांचा धडा आठवून देतो. पाऊस पडला तर अंगण भिजते. म्हणून भिजलेले अंगण दिसले की पाऊस पडला म्हणावे काय? पहाटे कोणी सडा घातला असेल! तसेच हे. समजले असेल तर गुण मिळतात. म्हणून गुण मिळाले की समजले? दहावीच्या निकालाला आपण पेढे वाटतो ते याच ओल्या अंगणाच्या तर्कावर. आणि मूळ विधान तरी कोठे खरे? त्या मुलीला समजले होते आणि गुण होते शून्य.

उजळणी करावयाची तर पुस्तक मिटून करावी. आकृती फिरवून काढावी, अक्षरे बदलावी, प्रत्येक ओळीपाशी ‘कशावरून?’ विचारावे. विधान उलटे करून पाहावे. चौरसाचे कर्ण समान असतात. मग कर्ण समान असलेला प्रत्येक चौकोन चौरस का? एक आयत काढला की उत्तर मिळते, आणि ते जन्मभर विसरत नाही.

तेव्हा यंदा फराळाच्या ताटापाशी मुलांना नुसते ‘किती मिळाले?’ विचारू नका. एखादे प्रमेय समजावून सांगावयास लावा. आणि त्यांनी उलट ‘कशावरून?’ विचारले, तर कृपा करून ‘उलट बोलू नकोस’ म्हणू नका.

माझा यंदाचा गठ्ठा अजून सुटावयाचा आहे. गाईड कपाटात ठेवून मगच तो सोडणार आहे.